काल्हेरच्या खोलीतली बारा माणसं

नाव चिंतामणी हरी टिपणीस, वय ५२ वर्षे, धंदा नोकरी (कापडाच्या गोदामात टॅली क्लार्क), राहणार ब्राह्मण आळी, भिवंडी. आज दिनांक १५ मे १९९४ रोजी रात्री सव्वाआठ वाजता पोलीस ठाण्यात स्वतःहून येऊन सांगतो की,

मी वरील पत्त्यावर पत्नी विद्युल्लता हिच्यासह दोन खोल्यांत राहतो. माझा धाकटा भाऊ माधव नाशिकरोडला असतो. यंदा सुट्टीत तो बायको शुभदा, मुलगी कमळ (वय ७) आणि सासुरवाडीची नऊ माणसं घेऊन चार दिवस भिवंडीस आला. एकूण बारा. आठ दिवस आधी पत्र टाकलं, झालं! दोन खोल्यांत बारा माणसं कुठे कोंबू? मी तीन लॉज पालथे घातले. तिथे सगळे कापडाचे व्यापारी. "फॅमिली नहीं चलेगा," म्हणून हात हलवून वाटेला लावलं.

शेवटी गोदामातला हमाल पंढरीनाथ याने काल्हेरच्या एका नव्या बिल्डिंगमधली पहिल्या मजल्यावरची जागा दाखवली. दोन खोल्या, नळाला पाणी, वारा छान. तीन वर्षं झाली तरी बिल्डिंगमध्ये दुसरं बिऱ्हाड नव्हतं. का, ते मी विचारलं नाही. गरजवंताला अक्कल नसते.

किल्ली तिथली राखणदारीण राहीबाई हिच्याकडे असते. तिने विचारलं, "किती मान्सा हायेत?" मी म्हटलं, बारा. ती म्हणाली, "जाताना नावानं हाक मारून न्या. डोकी मोजू नका." मला राग आला. एकवीस वर्षं मी कापडाच्या गाठी मोजतो. गाठीवर थाप मारायची नि पुढे सरकायचं, पहिलीला एक न म्हणता 'लाभ' म्हणायचं, मग दोन, तीन. आजवर एका गाठीची चूक नाही. मी म्हटलं, "बाई, मोजणं मला शिकवू नका." तिने किल्ली माझ्या हातावर ठेवली.

तीन दिवस काही झालं नाही. एवढंच, की कमळ दुपारची गच्चीच्या जिन्यात एकटीच बोलत बसे. शुभदा म्हणाली, पोरीला मैत्रीण मिळाली. बिल्डिंगमध्ये दुसरं बिऱ्हाड नाही हे मला ठाऊक होतं. पण बारा माणसांच्या चहापाण्यात ते ध्यानातून गेलं.

आज सकाळी सगळे अकलोलीच्या कुंडावर आंघोळ करून अकराला परतले. जेवणं झाली. दीड वाजता कल्याण स्टेशनला जायला टेम्पो आला. सगळे खाली उतरल्यावर मी दारातून आत नजर टाकली, कोणी दिसलं नाही, कुलूप लावलं. टेम्पोवर ताडपत्री होती. बाहेर रणरणतं ऊन, आत शिरलो तर डोळ्यांपुढे अंधारी. मी सवयीने एकेकाच्या डोक्यावर हात ठेवत गेलो. लाभ, दोन, तीन. बारावं डोकं लहान होतं, शुभदाच्या मांडीला टेकलेलं. केस ओलेचिंब आणि गार. मला वाटलं, कुंडावरून आली आहे. मी "बारा, सोडा" म्हणून ताडपत्री पाडली. कुंडाचं पाणी कढत असतं आणि आंघोळीला चार तास झाले होते, हे तेव्हा सुचलं नाही.

पाच वाजता अंथरुणं न्यायला मी परत गेलो. कुलूप मी लावलं तसंच होतं. आतल्या खोलीत गाद्यांच्या चळतीमागे कमळ बसलेली. घामाने डबडबलेली, हुंदके देत होती. म्हणाली, "काका, ती म्हणाली, आपण लपाछपी खेळू, तू लप, नाव घेतल्याशिवाय बाहेर यायचं नाही. माझं नाव कुणी घेतलंच नाही." मी विचारलं, ती कोण? "जिन्यातली. तिला तिच्या आईकडे जायचंय."

मी कमळला कडेवर घेऊन खाली आलो. राहीबाईने तिला पाहिलं आणि कपाळाला हात लावला. तिने सांगितलं ते असं: बिल्डिंगचं काम संपलं त्या दिवशी मजुरांचा ट्रक निघाला. मुकादमाने अंधारात डोकी मोजली, आकडा जुळला, ट्रक गेला. एका मजुराची सहा-सात वर्षांची पोर चार दिवसांनी गच्चीच्या टाकीत सापडली. "तिचं नाव कोनाला म्हाईत न्हाय, भाऊ. आईबाप परत आलंच न्हाय. मंग हाक मारनार कशी?"

सात वाजता मी एसटीडी बूथवरून माधवच्या शेजाऱ्यांकडे फोन लावला. माधव म्हणाला, "दादा, सुखरूप पोचलो. बाराच्या बारा." मी म्हटलं, कमळ माझ्याजवळ आहे. तो हसला. मग शुभदाने फोन घेतला. म्हणाली, "भावोजी, असली थट्टा करू नका. कमळ माझ्या कडेवर आहे. गाडीत बसल्यापासून मला सोडायला तयार नाही, नुसती आई आई करते आहे. तिचे केस किती पुसले, वाळतच नाहीत." मी कमळच्या हातात रिसीव्हर दिला. ती "आई" म्हणाली. मग शुभदा हळूच म्हणाली, "भावोजी, तुमच्याजवळ आहे ती कोण?" आणि फोन बंद झाला. पुन्हा लावला, उचलला नाही.

हवालदारांनी विचारलं की, ही मुलगी कमळच, हे कशावरून. तिच्या उजव्या कोपरावर भाजल्याचा डाग आहे, तो माझ्यासमोर पडला होता. शिवाय इथे आल्यापासून मी तीनदा तिच्या डोक्यावर हात ठेवून पाहिला. केस कोरडे आहेत.

माझं म्हणणं एवढंच की, नाशिकरोड ठाण्याला वायरलेसने कळवून आज रात्रीच माधवच्या घरी माणूस पाठवावा. शुभदाला एकटं सोडू नये. तिथल्या मुलीवर कोणी हात उगारू नये, तीही कुणाची तरी लेकच आहे. तिला कोणीतरी नाव विचारावं. चूक माझी आहे. मी माणसं गाठींसारखी मोजली.

जबाब हवालदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला, मी सांगितला तसाच लिहिला आहे. फक्त 'एकूण बारा' असं जिथे आहे, त्यासाठी सोबत नावांची यादी जोडावी अशी मी विनंती केली. मी एकेक नाव सांगत गेलो. कमळचं नाव आलं तेव्हा बाकावरून ती "ओ" म्हणाली.

सही/- चिं. ह. टिपणीस