मांयला आवडलेली लेखिका

माझं माहेर पेडण्याचं, सासर इथं सुर्ल्याला, आणि लग्नाच्या वरातीतसुद्धा मी पुस्तक वाचत आले असं आमची सासू सगळ्यांना सांगायची, कौतुकानं नाही हो, तक्रार म्हणून. सासूला आम्ही मांय म्हणतो. घोव, म्हणजे माझा नवरा, खनिजाच्या ट्रकावर ड्रायव्हर, तो साखळीच्या वाचनालयातून माझ्या आवडत्या लेखिकेचं पुस्तक आणायचा. तिचं नाव नाही सांगणार, तुम्ही जाऊन तिला सांगाल आणि ती उगाच फुगून बसेल.

तर लग्नानंतरची पहिली चवथ. आमच्याकडे गणपतीच्या आधी वाड्यावरच्या बायका एकमेकींच्या घरी नेवऱ्या, म्हणजे तुमच्या करंज्या, करायला जमतात, त्या दिवशी आमच्याकडे जमल्या होत्या. काय सांगू तुम्हाला, मी मुरड घातलेली प्रत्येक नेवरी तेलात पडली की तोंड उघडायची आणि आत भरलेलं खोबऱ्याचं चून बाहेर. शेजारची शेवंतीमावशी म्हणाली, गो बाये, तू हात लावू नकोस, तू आपलं पुस्तक वाचून दाखव. कढईपाशी मांय बसली होती, ती तिथूनच म्हणाली, वाच, वाच, चवथ झाली की हे पुस्तक परत, आणि दुसरं ह्या घरात यायचं नाही. पुस्तकाविना इथं जन्म काढायचा?

मग काय, मी जीव ओतून वाचलं. सून झाले, सासू झाले, सासऱ्याचा खोकलासुद्धा काढला. आमच्या लेखिकेची गंमत हीच, तिच्याकडे सासू नुसती छळायला येत नाही, तिलाही आपलं दुखणं सांगायला अख्खं प्रकरण मिळतं, म्हणून तर बायका तिच्यावर जीव टाकतात. गोष्टीतली सून घर सोडायला पिशवी घेऊन दारात उभी आहे, मागून सासू येते, काहीतरी बोलणार, आणि मी पुस्तक मिटलं. म्हटलं, मांय, राहू दे आता, परत तर द्यायचंच आहे.

तेवढ्यात शेवंतीमावशी ओरडली, अगो, नेवऱ्या जळल्या! बघते तर मांय झारा हातात धरून माझ्या तोंडाकडे बघत बसलेली आणि कढईत सगळा कोळसा. म्हणाली, जळू देत गो, ती सासू काय म्हणाली ते आधी सांग.

त्यानंतर वाचनालयातून कुठलं पुस्तक आणायचं ते मांयच ठरवायला लागली, मला विचारतोय कोण! त्या लेखिकेला मी जन्मात पाहिलं नाही, पण ह्या घरात माझी जागा तिनं केली.

आता मांयची नजर जवळजवळ गेली. दुपारची जेवणं झाली की मी वाचते, ती पडल्या पडल्या पुस्तकातल्या माणसांना दम देते. परवा प्रकरण संपलं तेव्हा विचारलंन, ती बाई अजून लिहिते काय गो? म्हटलं, लिहिते, पण वय झालंय आता तिचं. तशी मांय उठून बसली, देवाच्या खोलीकडे हात जोडून म्हणाली, देवा, माझे डोळे नेलेस ते नेलेस, त्या बाईचे तेवढे राहू देत. मग मला म्हणाली, थांबलीस कशाला, वाच गो.