कच्च्या दोऱ्याचे फ्रॉक

शिंपी : वेट म्हणजे थांबणं. एवढं तर मला बसचा कंडक्टरही शिकवेल, बाई.

बाई : नुसतं थांबणं नाही हो, मास्तर. ते स्टॉप. वेट म्हणजे वाट बघणं. आणि कुणाची, ते ‘फॉर’ लावून सांगायचं. म्हणा, आय ॲम वेटिंग फॉर यू.

शिंपी : आय ॲम वेटिंग फॉर यू. हुश्श! सुईत दोरा ओवणं परवडलं. आता कागदावर लिहून द्या. परदेशातल्या नातीला मराठी कळत नाही आणि मला दुसरं काही येत नाही. तिचा बाप होता तोवर फोनवर तोच इकडचं तिकडे सांगायचा.

बाई : चार वर्षं झाली ना त्याला जाऊन?

शिंपी : चार. दर वाढदिवसाला एक फ्रॉक पाठवला. माप तुमच्या नातीचं, दोघी एकाच वयाच्या म्हणून.

बाई : आणि हे खोकं कसलं?

शिंपी : सूनबाईनं पाठवलंय, आजच आलं. तिकडून पहिल्यांदाच काही आलंय हो! पोरीनं चित्रंबित्रं काढली असतील. वर ही चिठ्ठी आहे. आधी ती वाचा, मग उघडू.

बाई : बघू... मास्तर, पाणी देऊ का?

शिंपी : चाळीस वर्षं गिऱ्हाइकाच्या तोंडावरून ओळखतोय, कपडा बिघडला की बसला. वाचा.

बाई : सूनबाई लग्न करतेय.

शिंपी : करू दे की! तरणी पोर आहे. मीच म्हणणार होतो, पण बोलता कुठं येतं? पुढं?

बाई : पुढं... फ्रॉक मुलीला फार आवडले म्हणते. घालून घालून आखूड झाले, म्हणून आठवण म्हणून परत पाठवतेय.

शिंपी : असं लिहिलंय?

बाई : हो.

(शिंपी खोकं उघडतो. एकेक फ्रॉक उलटा करून कमर बघतो.)

शिंपी : बाई, हा कमरेचा पांढरा दोरा बघा. माप उसनं, म्हणून मी आत दोन बोटं माया, जादा कापड, सोडतो आणि कमर कच्च्या दोऱ्यानं आवळून ठेवतो. तो ओढून काढल्याशिवाय फ्रॉक अंगात जात नाही. सूनबाईला ठाऊक आहे. तिचा लग्नाचा झगा मीच असा शिवला होता, हसत हसत तिनंच दोरा ओढला होता.

बाई : मास्तर...

शिंपी : चारही फ्रॉकांत दोरा तसाच आहे.

बाई : चुकलं माझं. पोर नव्या माणसाला बाबा म्हणायला लागलीय, जुनं काही तिच्यासमोर नको, असं लिहिलंय. यापुढं काही पाठवू नका म्हणते.

शिंपी : तुमचं कसलं चुकतंय? माझ्यासाठीच बोललात ना खोटं. पोरगा गेला तेव्हा म्हटलं, त्याची लेक तरी आहे.

बाई : रडा, मास्तर. माझ्यापुढं कसली लाज?

शिंपी : एक सांगा. ते वेटिंग... येणारच नसेल कुणी, तरी चालतं का म्हटलेलं? की चूक धरतात?

बाई : नाही धरत. वाट बघणारा असला की पुरे.

शिंपी : मग द्या लिहून. मी ठेवतो माझ्यापाशी. आणि उद्या तुमच्या नातीला दुकानात पाठवा. नववं लागलं ना तिला? माप घ्यायचंय.