चंद्रप्रभावहिनींची घासलेली दुनळी

जबाब

मी उत्तरेश्वर त्रिंबक हुंबे, वय ६१ वर्षे, धंदा शेती व व्याख्याने, रा. ईट, ता. भूम, जि. धाराशिव. विचारल्यावरून समक्ष सांगतो की,

चंद्रप्रभा गोरोबा हुंबे या माझ्या थोरल्या भावजय. बंधू गोरोबा मयत झाल्यापासून बारा बोअरच्या विलायती दुनळी बंदुकीचा परवाना त्यांच्या नावे आहे. बंदूक आमच्या पणजोबांची, निजामाच्या काळातली. दर निवडणुकीला ती ठाण्यात जमा करायला वहिनी स्वतः येत. आता गुडघे साथ देत नाहीत, म्हणून त्यांनी ती विकायचे ठरवले.

काल सकाळी उमरग्याचे परवानाधारक शस्त्रविक्रेते चन्नबसप्पा किंमत ठरवण्यासाठी घरी आले. वहिनींनी बंदूक पाटावर ठेवली. ती चांदीसारखी चमकत होती. चन्नबसप्पांनी ती उघडली, भिंग लावले आणि विचारले, "अक्का, हिला काय केलं तुम्ही?"

"काय करायचंय? खंडेनवमीला देव घासते तशी घासते. चिंच अन् विटकर."

"आतनं पण?"

"व्हय. वरनं लख्ख अन् आत काळं, असं देवाचं करत्यात का? तुमच्यात करत असतील."

"आमच्यात बंदुकीला आंघोळच घालत नाहीत, अक्का."

त्यावर वहिनी हसल्या. चन्नबसप्पा हसले नाहीत. त्यांनी सांगितले की, जुन्या बंदुकीची किंमत कारागिराचे नाव, नंबर आणि नळ्यांच्या मूळ तपकिरी रंगावर ठरते. घासण्यात हे तिन्ही पुसले गेले; ते असते तर शौकिनाने मोटारीची किंमत मोजली असती. आता ही लोखंडाच्या भावाचीही नाही. शिवाय नंबर नसलेली बंदूक त्यांना घेता येत नाही आणि ठाण्यात कळवणे त्यांना भाग आहे. हे ते आमच्या तोंडावर बोलले, पाठीमागे नाही.

बंदूक ज्याच्या ताब्यात, त्यानेच नंबर खोडला असे कायदा धरून चालतो, हे मला ठाण्यातल्या साहेबांनी समजावले. कायदा मी वाचलेला आहे. उलट सिद्ध करण्याची मुभाही त्याच कायद्यात आहे. म्हणून माझे म्हणणे असे की, नंबर खोडणारा माणूस काहीतरी लपवतो आणि त्यातून काही कमावतो. या बाईने तीस वर्षे भक्तीने घासून स्वतःच्याच वस्तूची किंमत घालवली. चोर असा धंदा करीत नाही. नवऱ्याची वस्तू स्वच्छ ठेवणे हा हेतू गुन्ह्याचा ठरत असेल, तर आमच्या तालुक्यातले प्रत्येक देवघर जप्त करावे लागेल. हे वाक्य जसेच्या तसे लिहावे, अशी माझी विनंती आहे.

पंचनाम्यात अंदाजे किमतीच्या रकान्यात 'निरंक' लिहिले आहे. तेथे चन्नबसप्पांनी सांगितलेल्या दोन्ही किमती लिहाव्यात, घासण्याआधीची आणि आजची. दोन्हींतला फरक हाच वहिनींचा पुरावा आहे. तोवर पंच म्हणून मी सही करणार नाही.

ठाण्यात बंदूक फडक्यात गुंडाळून सील करताना वहिनी बाकावर बसून होत्या. लाख वितळल्यावर त्या शिपायाला एवढेच म्हणाल्या, "बाळा, गाठीवरच लाव. लाकडाला डाग पडंल."

माझा जबाब मला मराठीत वाचून दाखवला. तो मी सांगितल्याप्रमाणे बरोबर आहे.

समक्ष, सही