सरावाचा मेल

बसच्या रांगेत माझ्यापुढे दोघी बहिणी बोलत होत्या.

"ताई, ऑफिसात सगळ्यांना फसवे मेल ओळखता यावेत म्हणून मीच सराव तयार केला. न सांगता खोटा मेल पाठवायचा आणि कोण फसतं ते बघायचं."

"मग चांगलंच की!"

"त्यात लिहिलं, तुमच्या घरच्या माणसाला अपघात झालाय, इथे दाबा."

"अगं बाई! असलं लिहवलं तरी कसं तुला?"

"चोर असंच लिहितात, म्हटलं. आमच्या हिशेबाच्या बाई चपला टेबलाखालीच टाकून जिन्याकडे धावल्या. मुलगा सतत मोटरसायकलवर असतो त्यांचा."

"तू थांबवलं नाहीस?"

"गेटपर्यंत मागे पळाले. खरं सांगताना मान वर होईना."

"फाडफाड बोलल्या असतील."

"नाही गं. 'नक्की खोटं ना?' एवढंच विचारलं, आणि माझेच आभार मानत राहिल्या."