सात भागांचं पुस्तक

माझं माहेर तुमसरचं, सासर आमगावजवळच्या खेड्यातलं, आणि मी भिलाईले आली तेव्हा कारखान्याचे नुसते खांब उभे होऊन राहिले होते. काय सांगू तुम्हाले ताई, चोहीकडे लाल मुरूम, ट्रक, रशियन साहेबांच्या जीपा, आणि क्वार्टर असे की सगळे एका साच्यातून काढलेले, आमच्या ह्यांनी शिफ्टवरून येऊन दोनदा दुसऱ्याच्याच दाराची कडी वाजवली होती. मी आल्याबरोबर दाराच्या मागं यादी लावली. नळ किती वाजता येतो, राशन कोणत्या वारी, ह्यांची शिफ्ट कोणती. मले यादीबिगर सुचत नाही, बाप म्हणायचा ही पोरगी सरणावर चढतानाही लाकडं बरोबर आहेत का पाहून घेईल.

तुम्ही आम्हा बायांच्या वाचायच्या मंडळाचा आनंद विचारता ना, सांगते. आनंद होता. नव्हता असं म्हणणार नाही.

माणसं भट्टीवर, मिलमध्ये, आणि बाया घरात. शेजारीण तेलगू, पलीकडची पंजाबी, माणसं चांगली, पण मन मोकळं करायचं तर भाषा अर्धीच पुरायची. आम्ही सात मराठी बाया दोन गल्ल्यांतून हुडकून काढल्या, बुधवारी दुपारी माझ्याकडे बसायचं ठरलं. पहिल्यांदा नुसती सासरची उणीदुणी चालली. मग माझ्या भावानं नागपूरहून एक कादंबरी पाठवली, चांगली जाडजूड. एका बहिणीचा भाऊ घर सोडून जातो आणि ती त्याची वाट पाहते, अशी गोष्ट. आता पुस्तक एक आणि बाया सात. एकीले वाचायले महिना लागला तर सातवीचा नंबर कधी यायचा? मी शिवण उसवली. पुस्तकाचे सात भाग केले, सिमेंटच्या पिशव्यांचा जाड कागद तेव्हा जिकडेतिकडे पडलेला असे, त्याची कव्हरं घातली, नंबर टाकले. पहिली मी. आठवड्यानं पहिला भाग दुसरीकडे, माझ्याकडे दुसरा, असं साखळीसारखं. वहीत तक्ता केला, कोणता भाग कोणाकडे, कधी परत. आणि नियम एकच, पुढचीनं मागचीले पुढची गोष्ट सांगायची नाही. माझे भाग आधी होत, मी तोंड शिवून बसायची, आणि बाकीच्या माझ्या चेहऱ्याकडे पाहून भांडायच्या की भाऊ परत येते, नाही, येत नाही. कढीचं भांडं जळून जाई पण कोणी उठत नसे. तसं हसणं मी त्याच्या आधी हसली नव्हती, नंतरही नाही.

तिसरी होती सुलोचना. नवरा कोक ओव्हनले, कोळशाच्या भट्टीवर, ती गरीब स्वभावाची, हळू बोलायची, चौथी शिकली म्हणून सांगायची. तिचा भाग पहिल्यांदा दोन दिवस उशिरा आला. मग चार दिवस. पाचव्या भागाले तर तीन आठवडे लावले. आता साखळीत एक थांबली की तिच्यामागच्या चारी थांबल्या. चौथी अंजनाबाई, जिभेची तिखट, ती भर मंडळात म्हणाली, काय व सुलोचना, वाचून राहिली का पापड वाळवून राहिली? सगळ्या हसल्या. मीपण हसली, ते कशाले लपवू.

सहावा भाग तिच्याकडे गेला आणि पुढच्या बुधवारी ती तो छातीशी धरून आली. झाला का, मी विचारलं. तिनं मान हलवली, नाही. मले आणखी चार दिवस द्या ना बाई, म्हणाली. मी म्हटलं, यादी म्हणजे यादी, सुलोचना, तुझ्या एकटीसाठी चौघी बसून राहतील का. आणि मी तो भाग तिच्या हातातून घेतला आणि अंजनाबाईले दिला. सातवाही परस्पर तिकडेच जाईल म्हणून सांगितलं, तुझं सगळ्यांच्या शेवटी. वहीत तिच्या नावापुढे तशी खूण केली, पट्टी लावून, सरळ रेघ. ती चहा न घेता गेली. त्यानंतर आलीच नाही.

पुस्तक बाकी सगळ्यांचं वाचून झालं तेव्हा सहावा-सातवा भाग घेऊन मी तिच्या क्वार्टरले गेली. ती नव्हती, बाळंतपणाले माहेरी गेली होती. नवरा होता. आणि ताई, चुलीच्या मागच्या भिंतीवर पाहते तर कोळशानं शब्द लिहिलेले. विरह. उंबरठा. अस्वस्थ. प्रायश्चित्त. वरून खालपर्यंत, एकाखाली एक, माझ्या यादीसारखे. मी म्हटलं हे काय हो? तो म्हणाला, तिले शाळा माहीत नाही बाई. अक्षरं ती इथं येऊन शिकली, तुमच्या मंडळात बसता यावं म्हणून. शब्द अडला की भिंतीवर उतरवून ठेवे, मी ड्यूटीवरून आलो की मले विचारे. मले येत होतं तितकं मी सांगत होतो. मग म्हणाला, तुम्ही कशाले घेतलं तिच्या हातातून?

माझ्याकडे तक्ता होता.

ती परत आली ती लेकरू गमावून, आणि अंगात ताप घेऊन. दवाखान्यात ठेवलं होतं. मी दोन्ही भाग नेले. माफी मागायची ठरवून गेली होती, पण तोंडातून निघालं काय, तर म्हटलं, सुलोचना, मी वाचून दाखवते, तू पडून ऐक. तिनं हात पुढं केला.

नाही बाई. मी वाचते. मले वेळ लागते, एवढंच.

बारा दिवस जगली. तिच्या नवऱ्यानं तिच्या लुगड्याच्या गाठोड्यातून दोन्ही भाग आणून दिले. सहावा पूर्ण झाला होता, कव्हरावर कोळशाची बोटं उमटलेली. सातव्यात चौथ्या पानाशी खुणेचा काळा दोरा होता.

मंडळ त्यानंतर दोन बुधवार भरलं. अंजनाबाई यायची, भिंतीले टेकून बसायची. तिनंही मले बोल लावला नाही, लावला असता तर बरं झालं असतं. मग कोणाले दुसऱ्या सेक्टरले मोठं क्वार्टर मिळालं, कोणाची बदली झाली. आता धुराडी पूर्ण झाली, रस्ते झाले, सिविक सेंटरच्या बाजारात कोणी भेटली तर विचारते, मंडळ चालू आहे का हो? मी म्हणते नाही. लेकरं हिंदी शाळेत जातात, मराठी फक्त जेवायले बोलावताना. ह्यांची शिफ्ट चालू आहे, दाराच्या मागं यादी आहे. दिवस निघतात, त्यात माझं काही उरलं आहे असं वाटत नाही.

पुस्तक आहे ना, हे पाहा. सहा भाग मी परत शिवले. सातवा शिवला नाही. दोरा जिथं होता तिथंच आहे, आणि वहीत पाहा, सातव्या भागापुढे सुलोचना लिहिलं आहे आणि परत आल्याची जागा कोरी आहे.

तो भाऊ परत आला का, असं तुम्ही मघापासून विचारू विचारू करून राहिल्या, मले समजते. पण ताई, मागचीचं वाचून व्हायचं आहे. मी सांगणार नाही.