उडदाच्या आधी उखाणा

शेलूबाजारात जीप प्रवासी भरायला थांबली होती. कारंज्याला निघालेल्या मंजुषाच्या समोर एक बाप आणि त्याची लग्नाची मुलगी बसली होती. बापाच्या हातात मोबाइल होता.

“निकिता, माह्या मोबाइलात हे नवीन काय टाकलं?”

“सर्च इंजिन आहे बाबा. आपण काय शोधलं, हे ध्यानातच ठेवत नाही.”

“आन् जुनं?”

“थे सगळं ध्यानात ठेवते. मंग ज्याले त्याले त्याच्या मनातलंच दाखवते.”

“हो ना! परवा उडदाचा भाव पाहाले मी नुसता ‘उ’ टाकला, त उडदाच्या आधी उखाणा आला. पवनरावांच्या नावाचा.”

“थो मैत्रिणीसाठी होता, बाबा.”

“मैत्रिणीले मोबाइल नाही?”

“आहे.”

“आन् उद्या तुले पाहाले येणारा पोरगा त गौरव आहे.”

“हो.”

“मंग त्याच्यासमोर नेसाले साडी घ्याले कायले चाललो आपण?”

बापानं मोबाइल खिशात टाकला.

“जुनंच राहू दे बाई मोबाइलात. तू त काही सांगत नाहीस, थे तरी सांगते.”

ड्रायव्हरनं चावी फिरवली.

“थांब रे बाबू, आमी दोघं उतरून राह्यलो.”

मंजुषानं पाय जवळ घेतले.

“आन् काय वं, पाठ झाला का थो उखाणा?”

“अर्धा झाला, बाबा.”