माझ्याकडे बघा, बाई

(शनिवारची दुपार. निजायची खोली. पलंगावर उघडी बॅग. दादा खिडकीशी खुर्चीत बसलेला. वहिनी त्याची बायको, चिमणी त्याची धाकटी बहीण.)

चिमणी : तीन स्वेटर कशाला? तिथे काय बर्फ पडतो?

वहिनी : थंडी वाजली तर तिथे सांगणार कोण? तो सांगेल? राहू देत तिन्ही.

चिमणी : राहू देत तर राहू देत. चेन लागली नाही तर वर बसते मी. माझं वजन एरवी कुणाच्या उपयोगी पडतंय?

वहिनी : चिमणी म्हणे. नाव ठेवणाऱ्यानं पुढचा विचारच केला नाही.

चिमणी : नाव ठेवणारा बसलाय की तिथे, खिडकीत. त्यालाच विचार. गाडी किती वाजता येणार?

वहिनी : येतील चहाच्या वेळेपर्यंत. वाटेत आणखी एका आजींना घ्यायचंय म्हणाले.

चिमणी : मग वेळ आहे. मी घड्या घालते, तू उद्याचं वाचन एकदा म्हणून दाखव.

वहिनी : मी वाचणार नाहीये. पाळकसाहेबांना फोन करते, दुसऱ्या कुणाला तरी द्या म्हणून.

चिमणी : आदल्या दिवशी? अगं, ईस्टरच्या पहाटेचं वाचन तू दरवर्षी मागून घेतेस.

वहिनी : यंदा मागितलं नव्हतं. त्यांनी आपणहून दिलं. का दिलं, माहीत आहे? डॉक्टरांनी हात टेकले होते आणि हा उठून बसला म्हणून. तेव्हापासून जो तो मला सांगतो, तुमच्या घरी तर पुनरुत्थान झालंय. गेल्या रविवारी एकीनं माझा हात घेऊन डोळ्यांना लावला. मला कळेना, कुठे बघू.

चिमणी : लोक आपले चांगल्या मनानं बोलतात.

वहिनी : चांगल्या मनानंच बोलतात, म्हणून तर काही म्हणता येत नाही. पण उद्या सगळ्यांसमोर उभी राहून मी काय वाचू? गेलेला माणूस परत आला? कोण परत आला, चिमे? तो ताप मेंदूत शिरला आणि सगळं पुसून गेला. मी ज्याला न्हाऊ घालते, भरवते, तो मला नर्स समजतो. रोज सकाळी विचारतो, बाई, माझ्या घरचं कुणी येऊन गेलं का? आणि मी रोज सांगते, येतील हं.

चिमणी : हे तू मला बोलली नव्हतीस.

वहिनी : काय बोलायचं त्यात.

दादा : बाई.

वहिनी : काय रे, सोन्या?

दादा : खाली गाडी आली का?

वहिनी : नाही रे. आली की सांगते हं. बस तू.

दादा : बसतो.

चिमणी : वहिनी, एक विचारू? रागावू नकोस. तू दादाला अरे-तुरे कधीपासून करायला लागलीस?

वहिनी : अहो म्हणायला समोर कुणीतरी असावं लागतं. दवाखान्यातून आणल्यावर बरेच दिवस म्हणत होते. अहो, जेवायला चला. अहो, पाय वर घ्या. तो मागे वळून बघायचा, ही कुणाला बोलावते म्हणून. एकदा तर उठून मला खुर्ची दिली आणि म्हणाला, तुमचे मिस्टर येईपर्यंत बसा. मग सोडून दिलं मी. लहान मुलाशी बोलावं तसं बोललं की निदान घास तरी घेतो.

चिमणी : आणि भर दुकानात गिऱ्हाइकांसमोर तुला हाक मारायचा, सरकार, चहाची कृपा होईल का.

वहिनी : नको ना ते.

चिमणी : बरं, नाही काढत. पण ऐक, त्याला शुश्रूषागृहात पाठवायचं माझ्याच डोक्यातून आलंय. तुझ्या मनाला टोचत असेल तर निम्मं माझ्या मनाला टोचू दे. त्याला उचलता उचलता तुझी पाठ गेली. तू पण आडवी झालीस तर दोघांना कोण बघणार?

वहिनी : माहीत आहे गं. जागा चांगली आहे, माणसं चांगली आहेत. मी स्वतः दोनदा बघून आले. टोचत नाहीये, तेच वाईट वाटतंय. दुसऱ्याच कुणाचं तरी सामान भरतोय असं वाटतं.

चिमणी : असं नको ना बोलूस.

वहिनी : आता तू रडू नकोस. एकीनं तरी घड्या नीट घालायला हव्यात.

चिमणी : मी कुठे रडतेय? वाच ना तू ते. माझ्यासाठी वाच. चर्चचं उद्या बघू.

वहिनी : वाचू कशी? चष्मा टिकत नाही नाकावर. एका हातानं पुस्तक धरू की चष्मा?

चिमणी : बघू. अगं, एक बाजू पार वर गेलीय. चष्मेवाल्याच्या बायकोचा चष्मा हा असा? कुणी बघितलं तर दुकानाची अब्रू जाईल.

वहिनी : दुकान बंद आहे, अब्रू कसली जातेय. रात्री तसाच घालून डोळा लागला आणि अंगाखाली आला.

चिमणी : मग दे ना कुठे नीट करायला. गावात काय तुमचंच एक दुकान होतं?

वहिनी : दिला होता. घरी येईपर्यंत पुन्हा नाकाच्या शेंड्यावर. माझे कान सारखे नाहीत. दुसऱ्या कुणाच्या ते लक्षातच येत नाही. त्याच्या आलं होतं, पहिल्यांदा वडिलांबरोबर गेले तेव्हाच. आणि वडिलांसमोर बोलून दाखवलं त्यानं. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं होतं.

चिमणी : लोक मुलगी बघताना नाक-डोळे बघतात. आमच्या दादानं कान बघितले.

वहिनी : हसवू नकोस, पाठ दुखते.

चिमणी : बरं, वाचू नकोस, सांग नुसतं. काय आहे त्यात?

वहिनी : तुला माहीत नाही का? पहाटे मरीया प्रभूच्या कबरीपाशी जाते. धोंड बाजूला सरकवलेली, आत कुणी नाही. ती तिथेच रडत उभी राहते. मागे वळते तर एक माणूस. तिला वाटतं, बागेचा माळी असणार. त्याला म्हणते, तुम्ही त्यांना कुठे हलवलं असेल तर सांगा, मी घेऊन जाते.

चिमणी : एकटी? अख्खा माणूस उचलून?

वहिनी : हो. एकटी.

चिमणी : कुठे नेणार होती?

वहिनी : ते तिला तरी कुठे माहीत होतं. इतक्या वर्षांत हे माझ्या कधी ध्यानातच आलं नाही बघ. एका बाजूनं उचलतानासुद्धा जीव जातो.

चिमणी : मला लहानपणापासून या गोष्टीतलं एक कळत नाही. विचारलं की आई डोळे वटारायची. समोर उठलेला प्रभूच उभा, मरीयेनं ओळखलं कसं नाही? एवढी मागे मागे फिरली त्याच्या, आणि माळी समजली?

वहिनी : रडत होती. डोळ्यांत पाणी असलं की दिसतं का?

चिमणी : बरं, ती रडत होती. मग ते गावाकडे निघालेले दोघं शिष्य? दिवसभर त्याच्याबरोबर चालले, गप्पा मारल्या. तेही रडत होते का?

वहिनी : नाही.

चिमणी : आणि तळ्यावर मासे धरणारे? एकाही जवळच्या माणसानं पहिल्या नजरेत ओळखलं नाही. हे मी शाळेत विचारलं तर मला वर्गाबाहेर उभं केलं होतं.

वहिनी : बरोबर आहे तुझं. कुणीच नाही ओळखलं.

चिमणी : मग शेवटी ओळखलं कशावरून?

वहिनी : त्या दोघांनी जेवायला बसल्यावर, तो भाकर मोडायला लागला तेव्हा. तळ्यावरच्यांनी, त्याच्या शब्दावर टाकलेलं जाळं भरलं तेव्हा. मरीयेला त्यानं नावानं हाक मारली.

चिमणी : म्हणजे चेहऱ्यावरून कुणीच नाही.

वहिनी : तिला हाक तरी मिळाली, चिमे. मी इतके महिने त्या एका हाकेची वाट बघतेय. सरकार नको म्हणू दे. नुसतं अगं म्हटलं तरी मी जन्मभर उचलला असता त्याला.

दादा : बाई.

वहिनी : आले नाहीत रे अजून. येतील.

दादा : पाणी मिळेल का? गरम.

वहिनी : चहा हवाय? करते हं, सोन्या.

दादा : चहा नाही. वाडग्यात पाणी. उकळतं नको, बोट बुडवता आलं पाहिजे.

चिमणी : शेकायला हवं असेल, वहिनी. त्याचा डावा हात आखडतो ना. थांब, मी आणते. बघ दादा, एवढं चालेल?

दादा : चालेल. बाई, चष्मा द्या तुमचा.

वहिनी : अरे, नको. एकच आहे माझ्याकडे. काडी मोडेल, सोन्या. दे बरं तो वाडगा इकडे.

दादा : मोडत नाही. गरम केल्याशिवाय वाकवली तर मोडते. द्या.

चिमणी : दे ना, वहिनी.

वहिनी : आणि मोडली तर? उद्या मी—

चिमणी : उद्या तू वाचणार कुठे आहेस? दे.

वहिनी : घे. आता मला काही दिसत नाही. चिमे, काय करतोय तो?

चिमणी : काडी पाण्यात धरलीय. तोंडानं काहीतरी पुटपुटतोय, मोजत असावा. डावा हात थरथरतोय, म्हणून वाडगा गुडघ्यांत पकडलाय. आता काढली. अंगठ्यावर घेऊन वाकवतोय. हळूच.

वहिनी : मोडेल.

चिमणी : नाही मोडली. डोळ्यासमोर धरून बघतोय, खिडकीकडे तोंड करून. परत बुडवली. आता काचेवर फुंकर मारली आणि... वहिनी, शर्टाच्या टोकानं पुसतोय.

वहिनी : शर्टानं?

चिमणी : शर्टानं. दुकानात पाटी लावली होती याच पठ्ठ्यानं, काचा अंगावरच्या कपड्यानं पुसू नयेत.

वहिनी : पाटीखाली उभा राहून स्वतः पुसायचा.

दादा : बाई, इकडे या. बसा. खाली बघू नका, माझ्याकडे बघा.

वहिनी : बघतेय.

दादा : मान सरळ. हं. डाव्या कानामागे टोचतं का?

वहिनी : नाही.

दादा : खरं सांगा. लोक भिडेखातर बरं आहे म्हणतात आणि घरी जाऊन खणात टाकून देतात.

वहिनी : थोडं टोचतंय.

दादा : तेच म्हटलं. आणा इकडे. तुमचा डावा कान किंचित वर आहे, बाई. देवानं घाईघाईत बसवला असणार. वाईट वाटून घेऊ नका, जुळवून घेऊ आपण.

चिमणी : वहिनी? काय झालं? पाठ भरली का?

वहिनी : हेच म्हणाले होते.

चिमणी : कोण? कधी?

वहिनी : पहिल्या दिवशी. वडील शेजारी बसलेले. शब्द न् शब्द हाच. देवानं घाईघाईत बसवला असणार. आणि बाईच म्हणाले होते तेव्हा. नाव कुठे माहीत होतं त्यांना माझं?

दादा : आता बघा.

वहिनी : बघते.

दादा : दिसतंय का नीट?

वहिनी : दिसतंय.

दादा : मग रडता कशाला? आत्ताच काचा पुसल्यात. काहीतरी वाचून बघा. ते पुस्तक घ्या हातात. हं, वाचा.

वहिनी : वाचते. जरा थांबून वाचते.

दादा : सावकाश. घाई नाही. सैल झाला तर परत या, मी इथेच असतो.

चिमणी : खाली हॉर्न वाजला, वहिनी. आले वाटतं. बॅग बंद करू?

वहिनी : नको. तू खाली जा आणि सांग, आज नाही येत म्हणावं. त्यांना खेप पडली, चहा विचार.

चिमणी : आज नाही, म्हणजे सोमवारी?

वहिनी : सोमवारचं मला माहीत नाही. पाठ काही एका चष्म्यानं बरी झालेली नाही. कदाचित मीच महिन्याभरानं फोन करीन त्यांना, तेव्हा मला बोल लावू नकोस.

चिमणी : मी कशाला बोल लावू? शनिवार-रविवार मी येऊन राहते. उचलायला दोघी लागतो, तर दोघी असू. पण वहिनी, त्यानं तुला ओळखलेलं नाही. उद्या सकाळी पुन्हा विचारेल, घरचं कुणी आलं का म्हणून. तू आशेवर राहशील.

वहिनी : विचारू देत. सांगेन, आलेय म्हणून. त्यांनी मला ओळखलं नाही हे खरंच आहे, चिमे. पण मीही त्यांना कुठे ओळखलं? मी गेलेल्या माणसाची वाट बघत बसले, आणि हे एवढे महिने माझ्या समोर होते. माळी समजले मी ह्यांना.

चिमणी : जाते मी. नाहीतर ते वर येतील आणि मी अशी लाल नाक घेऊन उभी.

वहिनी : आणि आल्यावर एक स्वेटर बाहेर काढ. उद्या पहाटे गार असेल.

चिमणी : एक कशाला? तीन आहेत.

वहिनी : जा गं. अहो.

दादा : मला म्हणता?

वहिनी : तुम्हालाच. उद्या पहाटे लवकर उठायचंय, चर्चला जायचंय. मी वाचणार आहे तिथे. याल ना माझ्याबरोबर?

दादा : येईन की, बाई. चष्मा तेवढा विसरू नका.